वीस अंश

मंगळवारी सकाळी साडेनऊला, लोणी लावलेला ब्रेत्सेल, आमचा पिळाचा खारा पाव, अर्धा खाऊन झाला होता, तेवढ्यात गोदामातल्या ब्रुनोनं एक लाकडी खोकं माझ्या टेबलावर आणून आदळलं. वरचा भुसा बाजूला केला तर आतून माझाच आकडा माझ्याकडे बघत होता. एक्केचाळीस. आमच्या कारखान्यात तपासणी करणाऱ्या प्रत्येकाला एक पोलादी शिक्का मिळतो, आणि ज्या नगाची त्यानं खात्री दिली त्याच्या अंगावर तो हातोडीनं उमटवायचा असतो. माणूस निवृत्त झाला की शिक्का मोडीत जातो, दुसऱ्याला देत नाहीत. त्यामुळे एक्केचाळीस म्हणजे मी, रोसविता क्नाउप, वय अठ्ठावन्न, मोजणीच्या खोलीची प्रमुख. दुसरं कुणी असूच शकत नाही. आकड्याखाली साल होतं, एकोणनव्वद. औषधाच्या बाटल्या भरणारा, पावाच्या मोठ्या लादीएवढा पंप. हाताळून हाताळून त्याचे कोपरे गुळगुळीत झाले होते, आणि एका बाजूला कुणीतरी संताचं छोटं चित्र चिकटवलेलं होतं.

"ओळख बघू," ब्रुनो म्हणाला. "तुझंच लेकरू आहे. पोटावर नाव गोंदलंय."

बरोबर चिठ्ठी होती, स्पॅनिशमध्ये. ब्रुनोचे वडील इटलीतल्या कालाब्रियातून मजूर म्हणून इथं आले, त्या जोरावर शेवटी स्वर येणारी जगातली कुठलीही भाषा आपल्याला वाचता येते असा त्याचा दावा आहे. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचायला लागला. "पेरूतल्या अरेकिपाहून आलंय. ल्युसिला नावाची बाई आहे, तिथल्या औषधांच्या कारखान्यात यंत्रं सांभाळते. म्हणते, चौतीस वर्षं हा पंप आमच्याकडे लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या भरतोय. आता रबराचं कडं कडक झालंय. नवीन पंप नको, हाच नीट करून द्या. आणि पुढं लिहिलंय, इथं त्याला सगळे 'जर्मन बाई' म्हणतात. हसत नाही, बोलत नाही, पण रोज वेळेवर कामाला येते." त्यानं चष्मा खाली घेतला. "तुझीच मुलगी. वाद नाही."

मी हसले. हसत हसत आकड्यावरचा भुसा पुसला. त्या वर्षी पेरूला एकच पंप गेला होता, आणि चौतीस वर्षं मी त्याच्याच परत येण्याची वाट बघत होते. वाट कसली, धसका घेतला होता. पहिली काही वर्षं तर सकाळचं टपाल घेऊन येणारी बाई दारात दिसली की माझे हात गार पडायचे. आज आलं. आज तक्रार आली. आज कुणीतरी लिहिलं, की तुमच्या एक्केचाळीस नंबरनं आम्हाला फसवलं. तसं पत्र कधीच आलं नाही. पत्र आलं नाही म्हणजे चूक झाली नाही असं थोडंच असतं? उलट न आलेल्या पत्राला शेवट नसतो, ते रोज सकाळी नव्यानं न येऊ शकतं.

तेवढ्यात नेस्लिहान आली. ही आमच्या प्रसिद्धी विभागात आहे. तिचे आजोबा तुर्कस्तानातल्या अनातोलियातून याच कारखान्यात ओतकामाला आले होते. ती स्वतः इथंच, एसलिंगनमध्ये, जन्मली, आणि आमच्यापेक्षा अस्सल इथलं बोलते. कारखान्याला शंभर वर्षं होतात म्हणून धाकट्या मालकीणबाईंनी तिला एक छोटी फिल्म करायला सांगितलीय. (धाकट्या बाई बावन्न वर्षांच्या आहेत, पण त्यांचे वडील अजून रोज एक चक्कर टाकतात, तोवर त्या धाकट्याच.) फिल्ममध्ये प्रत्येकानं एका वाक्यात सांगायचं, की एवढासा देश, ना खनिज तेल ना फारसा सूर्यप्रकाश, तरी त्याचा माल जगभर का जातो. दोन आठवडे ती या एका वाक्यामागे सगळा कारखाना पालथा घालत होती. मालकीणबाई म्हणाल्या, आपली साडेतीन वर्षांची उमेदवारी, आठवड्यातले काही दिवस शाळेत आणि काही यंत्रावर, हे बाकीच्यांना जमत नाही. हिशेबनीस म्हणाला, ते सगळं ठीक आहे, पण आपला जुना मार्क राहिला असता तर आपला माल कुणाला परवडला नसता, अख्ख्या युरोपचं मिळून एक चलन आहे म्हणून आपलं निभतंय. कामगारांचा प्रतिनिधी म्हणाला, आम्ही वर्षानुवर्षं पगारवाढीत पोट मारलं ते लिही की जरा. रचना विभागातला एकजण म्हणाला, आपण लोकांना लागणारी वस्तू करतच नाही, ती वस्तू करणाऱ्या यंत्राचा एक बारीकसा भाग करतो, जो दुसरं कुणी करत बसत नाही. नेस्लीनं सगळं लिहून घेतलं, आणि मला वाटतं यातलं एकही खोटं नव्हतं.

"माझंही लिही," ब्रुनो म्हणाला. "तुम्ही लोक स्वतः काही विकतच घेत नाही. मग केलेलं सगळं जाणार कुठं? बाहेर. हिचा तो खुंटीवरचा कोट बघ. बर्लिनची भिंत पडली त्या वर्षीचा आहे."

"चांगला कोट आहे," मी म्हटलं.

"हेच. हेच कारण."

नेस्ली हसली, आणि मग तिची नजर पंपावरच्या आकड्यावर गेली. "क्नाउपबाई! हा तुमचा शिक्का? चौतीस वर्षं चालू? पेरूमध्ये?" तिचे डोळे लकाकले. "झालं की मग! फिल्मचा शेवट मिळाला. गुरुवारी तुम्ही हा हातात धरून उभ्या राहायचं आणि तुमचं वाक्य म्हणायचं. तुमचंच तेवढं राहिलंय." मी म्हटलं, आधी उघडून बघू दे. ती म्हणाली, उघडा की, त्यात काय? मी म्हटलं, आज नाही उघडता येणार, तो आधी वीस अंशांवर यायला पाहिजे. आणि पंप उचलून मी मोजणीच्या खोलीत काळ्या दगडी ओट्यावर ठेवला आणि दार लावून घेतलं.

वीस अंश हा आमच्याकडे आकडा नाही, तो स्वभाव आहे. पोलाद गरम असलं की फुगतं, गार झालं की आकसतं, आणि गरम पोलाद मोजणाऱ्याशी सरळ खोटं बोलतं. म्हणून मोजणीच्या खोलीत बारा महिने तेरा काळ वीस अंश, बाहेर हिमवर्षाव असो नाही तर ऑगस्टची काहिली. ग्राइंडिंगच्या यंत्रावरून उतरलेला नग काळ्या दगडावर ठेवायचा आणि तासन् तास हात लावायचा नाही. हेफेले मिस्त्री म्हणायचे, त्याला बसू दे, दमून आलाय. ओटमार हेफेले हे आमच्या विभागाचे मिस्त्री, पंचावन्नचे, अविवाहित, पाठीला कणा नव्हे तर फूटपट्टी असल्यासारखे. त्यांनी कुणाचं कौतुक केलेलं कुणी ऐकलं नव्हतं. एखादा नग हातात घेऊन, उजेडात फिरवून, काही न बोलता त्यांनी खाली ठेवला की आम्ही ते कौतुक समजून घरी न्यायचो. मी त्या विभागातली पहिली बाई. उमेदवारीच्या पहिल्या सहा आठवड्यांत त्यांनी माझ्याकडून कानशीनं एक पोलादी ठोकळा घासून घेतला होता. चार बाजू, काटकोन, हातानं. चौदा वेळा परत केला. पंधराव्या वेळी काही बोलले नाहीत, तेव्हा मी बायकांच्या मुतारीत जाऊन रडले, कारण तेवढ्या एकाच ठिकाणी आत येऊन कुणी विचारणार नव्हतं.

आणि मग तो शुक्रवार. नोव्हेंबरची दहा तारीख. आदल्या रात्री बर्लिनची भिंत उघडली होती आणि सकाळपासून कारखान्यात कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवणाच्या खोलीत टीव्ही आणून ठेवला होता, धट्टीकट्टी माणसं त्यापुढं उभी राहून रडत होती, दुपारनंतर एकेक करून सगळे घरी पळाले. सगळा देशच त्या दिवशी गरम होता. मला मात्र, खरं सांगायचं तर, भिंतीचं काही नव्हतं. मला संध्याकाळी फोल्करबरोबर नाचायला जायचं होतं, आणि पिशवीतले माझे लाल बूट सकाळीच सगळ्या विभागाला दाखवून झाले होते. पेरूच्या पंपाचा दट्ट्या, म्हणजे आत पुढंमागं होऊन औषध ढकलणारा पोलादी दांडा, यंत्रावरून उतरला तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तो तळहातावर घेतला. गरम होता. भाजणारा नव्हे, नुकत्याच घातलेल्या अंड्यासारखा. मी तो दगडावर ठेवला नाही. तसाच मोजला, बरोब्बर आला, आणि दोन पन्नासला वहीत सही केली, पंपाच्या अंगावर एक्केचाळीस ठोकलं, आणि पळाले. इथं एक गंमत आहे, ती आमच्याच माणसाच्या हातून होऊ शकते. मी माप खोटं घेतलं, पण वेळ खरी लिहिली. उतरला दोन चाळीस, मोजला दोन पन्नास. खोटी वेळ लिहिता येते हे डोक्यातच आलं नाही. नाचताना, दुसऱ्या का तिसऱ्या गाण्याला, फोल्करनं माझा हात धरला आणि त्याच्या तळव्याची ऊब मला लागली, आणि मी जागच्या जागी थांबले. तो म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पाय मुडपला. दट्ट्या गार झाल्यावर तीन मायक्रॉननं बारीक भरणार होता. केसाच्या जाडीचा विसावा हिस्सा. त्या फटीतून प्रत्येक वेळी थोडं औषध मागं सरकणार, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला, मला नावही माहीत नसलेल्या गावात, खोकणाऱ्या कुठल्यातरी पोराच्या बाटलीत दोन थेंब कमी पडणार. दोन थेंबांनी कुणी मरत नाही, हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही. ज्या माणसासाठी मी पोलाद गार होऊ दिलं नाही, तो स्वतः सहा वर्षांत गार झाला आणि म्युनिकला निघून गेला, पण ते दोन थेंब राहिले.

मंगळवारी घरी आले तर दाराच्या कडीला लाकडी पाटी लटकत होती. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी. खालच्या मजल्यावरची बाई ती पाटी असा आवाज करून अडकवते की मेलेल्यालाही कळावं. मी झाडू घेतला. जिना झाडताना मला नेहमी हेफेले मिस्त्रींची बहीण आठवते. तिला मी कधी पाहिलेलं नाही. ती पूर्वेकडे प्लाउएनला राहायची, मधे भिंत, भावाबहिणीची अठ्ठावीस वर्षं भेट नव्हती. भिंत उघडल्यावर त्या शनिवारी ती न कळवता गाडी घेऊन निघाली, दुपारी एसलिंगनला पोचली, तर मिस्त्रींच्या दाराला कुलूप. तीन तास बाई जिन्यावर बसून होती. शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं, की दारावर पाटी लटकलेली दिसली तशी तिनं शेजारणीकडून झाडू मागून घेतला आणि वरपासून खालपर्यंत अख्खा जिना झाडून काढला. मिस्त्री संध्याकाळी परतले तेव्हा ती शेवटच्या पायरीवर होती. सोमवारी सगळा कारखाना या गोष्टीवर हसला. पण शनिवारी, सगळा देश टीव्हीपुढं बसलेला असताना, हा माणूस होता कुठं? कुणी विचारलं तर म्हणायचे, फिरायला गेलो होतो. मिस्त्री आणि फिरायला! एखाद्या बाईकडे गेले असतील असंही लोक म्हणाले, आणि मीही म्हटलं.

मला त्या सोमवारी हसायला फारसं सुचत नव्हतं. मी ठरवून आले होते, की जाऊन सांगायचं. पंप परत मागवा, माझी चूक झाली. पण खोकं सकाळीच हाम्बुर्गच्या बंदराकडे रवाना झालं होतं, आणि मी मिस्त्रींच्या खोलीत शिरले तर त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. कपाटातून एक खडबडीत ठोकळा काढला, वर कानस ठेवली आणि माझ्यापुढं सरकवली. "चार बाजू," ते म्हणाले. "काटकोन." चोवीस वर्षांची, पास झालेली, शिक्का मिळालेली कारागीर मी, आणि मला पहिल्या वर्षाच्या पोरांच्या ओळीत उभं केलं. का, ते सांगितलं नाही. पाच दिवस मी कानस मारली आणि पाच दिवस मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. बाई आहे म्हणून. बाईला खाली दाखवायला. रागानं मला एक फायदा झाला, कबुली द्यायची राहून गेली. आधी त्यांनी माफी मागावी, मग मी सांगेन, असं काहीतरी डोक्यात बसलं, आणि दहा वर्षं बसून राहिलं. नव्व्याण्णवमध्ये ते निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी मिळून दिलेल्या कार्डावर मी नुसतं नाव लिहिलं. समारंभाला गेले नाही, दात दुखतोय म्हणून सांगितलं. शेवटची पायरी झाडून झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गुरुवारी मी कॅमेऱ्यापुढं हसून उभी राहणार नव्हते. दट्ट्या बारीक निघाला तर ते सगळ्यांपुढं सांगायचं, मग मालकीणबाई काय म्हणायचं ते म्हणोत. आणि एवढं ठरल्यावर मला चक्क भूक लागली.

बुधवारी दहा वाजता मी पंप उघडला. मोजणीच्या खोलीत मी एकटीच होते, नेस्लीला मी येऊ दिलं नव्हतं. चार स्क्रू, झाकण, मग स्प्रिंग, मग कडक झालेलं, चिरलेलं रबराचं कडं. दट्ट्या हातमोज्यातून बाहेर ओढला. त्यावर रेघोटी नव्हती, डाग नव्हता, औषधाचा मंद गोडसर वास तेवढा होता, बडीशेपेसारखा. दगडावर ठेवून मोजला. पुन्हा मोजला. तिसऱ्यांदा मोजला आणि खुर्चीवर बसले. तो बारीक नव्हता. हव्या त्या मापाच्या अर्ध्या मायक्रॉनच्या आत होता, आणि हा अर्धा मायक्रॉन चौतीस वर्षं घासून घासून गेलेला. एक क्षण मला वाटलं, मग मी त्या दिवशी बरोबरच होते! पण पोलाद असं करत नाही. गरम मोजलेला नग गार झाल्यावर बारीक झालाच पाहिजे, हे तर मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. मग मी दट्ट्या उलटा केला, आणि त्याच्या मागच्या गोल चकतीवर भिंगातून पाहिलं. तिथं टोचणीनं कोरलेला चिमणीच्या पायाचा ठसा होता. तीन बोटं पुढं, एक मागं. हेफेले मिस्त्रींची खूण. ते स्वतः केलेल्या नगावरच ती टाकायचे, आणि मी ती हजारदा पाहिलेली. खाली बारीक आकडे. अकरा, अकरा, एकोणनव्वद.

शनिवार.

वीस अंशांच्या खोलीत मला घाम फुटला होता. मला तो शनिवार दिसायला लागला, एखाद्यानं पडदा सरकवावा तसा. ते सकाळी आले असतील, पाठवायच्या खोक्यांवरून शेवटची नजर फिरवायला, नेहमीसारखे. वही उघडली असेल. उतरला दोन चाळीस, मोजला दोन पन्नास. दहा मिनिटं! मग रिकाम्या कारखान्यात दिवे लावले असतील, यंत्र तापवलं असेल, नवा दांडा घेऊन दट्ट्या घासायला घेतला असेल. नंतर तो दगडावर ठेवून ते बाजूला बसून राहिले असतील, तो दमून आलाय म्हणून, त्याला बसू दे म्हणून. आणि त्याच वेळी तिकडं त्यांच्या जिन्यावर, अठ्ठावीस वर्षांनी आलेली बहीण एकेक पायरी झाडत खाली येत होती. माझा खराब दट्ट्या त्यांनी बहुतेक त्याच दिवशी भंगारात टाकला. माझा शिक्का पंपावर तसाच राहू दिला. आणि मला सोमवारी कानस दिली. ती शिक्षा होती, आणि तीच माफीही होती, दोन्ही एकाच ठोकळ्यात. मी फक्त शिक्षा उचलली आणि माफी तिथंच टेबलावर सोडून आले. मग मी रडले. या वेळी मुतारीत गेले नाही, ती खोली माझीच होती.

गुरुवारी नेस्लीनं मला पंप हातात देऊन दिव्यासमोर उभं केलं. म्हणाली, बोला क्नाउपबाई, अगदी सहज. मी सांगितलं, की एका शुक्रवारी माझ्या हातून एक खराब नग गेला, आणि शनिवारी येऊन तो कुणीतरी बदलला, आणि ते मला काल कळलं. नेस्लीनं कॅमेरा बंद केला.

"आणि आपला माल जगभर का जातो, ते?"

"तेच सांगितलं ना."

"क्नाउपबाई, शंभर वर्षांच्या फिल्ममध्ये 'खराब नग'? मालकीणबाई मला फाडून खातील."

मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना मी वही दाखवली, जुनी, एकोणनव्वदची, तळघरातून शोधून आणलेली. आमच्याकडे काही फेकत नाहीत. त्यांनी दोन्ही वेळा वाचल्या, मग माझ्याकडे पाहिलं. "वेळ तेवढी खरी लिहिलीत," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. पुढं फिल्ममध्ये ते ठेवलं की कापलं, मी विचारलं नाही. ब्रुनोनं मात्र संध्याकाळपर्यंत ती गोष्ट अख्ख्या गोदामाला सांगितली, आणि त्याच्या सांगण्यात माझे लाल बूट गुडघ्यापर्यंत आले होते.

शुक्रवारी फोन करून रविवारी तीनला येते म्हणून कळवलं, वहीत नोंद करून दट्ट्या सोबत घेतला, आणि रविवारी हेफेले मिस्त्रींना भेटायला गेले. द्राक्षांच्या मळ्यांच्या वर, चढावर, वृद्धांसाठीचं घर आहे, तिथं ते सहा वर्षं आहेत. मी त्याच रस्त्यानं कितीदा फिरायला गेलेय, आणि प्रत्येक वेळी त्या इमारतीच्या पुढं गेल्यावर पावलं जरा भराभर उचललीयत. चढताना मनात वाक्यं जुळवत होते. आभार मानायची सवय आम्हाला कुणालाच नाही, ती वाक्यं जिभेवर नव्या बुटांसारखी चावत होती. एवढं मात्र मला कळत होतं, की मला आनंद झालाय. जगात मी एक वाईट वस्तू सोडून दिलीय या ओझ्याखाली माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि त्या ओझ्यात मुळात काही नव्हतंच. माझ्या नावावर तिथं एक चांगली वस्तू रोज सकाळी वेळेवर कामाला जात होती. कुणीतरी ती मला देऊन ठेवली होती.

मिस्त्री खिडकीशी बसले होते, कॉलरचं बटण लावून. एकोणनव्वद वर्षांचे. डोळे जवळजवळ गेलेले, पाठ मात्र तशीच.

"कोण?"

"एक्केचाळीस," मी म्हटलं.

"तीन वाजता येते म्हणाली होतीस. तीन वाजून पाच मिनिटं झालीत."

"चढ होता, मिस्त्री."

"चढ कालपण होता."

मी कोटाच्या आतल्या खिशातून दट्ट्या काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, लांबीवरून अंगठा फिरवला, मग मागची चकती नखानं शोधली. नख त्या खुणेवर थांबलं. खाली आकड्यांवर गेलं. परत खुणेवर आलं. बाहेर मळ्यात कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं.

"पेरूहून परत आला," मी म्हटलं. "मिस्त्री, मी तुमचे आभार मानायला आलेय. मला माहीतच नव्हतं. बुधवारी उघडला तेव्हा कळलं. तुमची बहीण त्या दिवशी जिन्यावर..."

"बरा झाडला होता तिनं जिना," ते म्हणाले. "कोपरे सोडून." मग दट्ट्या तळहातावर तोलत, "मोजलास?"

"मोजला. वीस अंशांवर. अर्धा मायक्रॉन कमी भरतो."

"अर्धा?" त्यांचा चेहरा पडला.

"चौतीस वर्षं चाललाय, मिस्त्री!"

"तरी." त्यांनी दट्ट्या मुठीत घेतला आणि मान तिरपी केली, पूर्वी यंत्राचा आवाज ऐकताना करायचे तशी. "गरम आहे हा."

"खिशात होता."

"मग आधी खाली ठेव. दगडावर. गार होऊ दे, मग उजेडात धर आणि मला सांग कसा दिसतो."

"वेळ लागेल त्याला."

"लागू दे की," हेफेले मिस्त्री म्हणाले. "आज कुठं नाचायला जायचंय तुला?"

मी दट्ट्या खिडकीच्या दगडी कठड्यावर ठेवला, कोट काढून खुंटीला लावला, आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.